एक टन ओझ्याची वाट : क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघालेल्यांचा प्रवास

१६ ऑगस्ट १८९६ रोजी कॅनडाच्या वायव्य टोकाशी, युकॉन प्रदेशातील क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. जॉर्ज कारमॅक आणि त्याचे टॅगिश जमातीतील आप्त स्कूकम जिम व डॉसन चार्ली यांची नावे या शोधाशी जोडली जातात. मात्र हिवाळ्यात हा प्रदेश बर्फाने बंद होत असल्याने बाहेरच्या जगाला ही वार्ता जवळजवळ वर्षभराने कळली. जुलै १८९७ मध्ये सोने घेतलेले खाणकाम करणारे सॅन फ्रान्सिस्को व सिअ‍ॅटल बंदरांत उतरले. १८९३ पासून अमेरिका आर्थिक मंदीने गांजलेली होती. साहजिकच कारकून, शेतकरी, दुकानदार, बेकार मजूर असे सुमारे १ लाख लोक घरदार सोडून उत्तरेकडे निघाले. त्यांच्या प्रवासाचा विचार आपण येथे करणार आहोत.

जहाजाने अलास्काचा किनारा गाठल्यावर खरी परीक्षा सुरू होई. डायी गावातून चिलकूट खिंडीमार्गे बेनेट सरोवरापर्यंतची वाट सुमारे ५३ किलोमीटरांची होती. अन्नाविना माणसे मरू नयेत, म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला होता : प्रत्येकाने वर्षभराची शिधासामग्री सोबत आणावी. तंबू आणि अवजारे धरून हे ओझे सुमारे १ टन भरे.

या नियमाचा अर्थ आपण साध्या गणिताने समजून घेऊ. एका खेपेस ३० किलो ओझे पाठीवर घेतले, तर ९०० किलोंसाठी ३० खेपा होतात. प्रत्येक खेपेनंतर रिकाम्या हाताने परतावे लागे. म्हणजे सर्व सामान स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्या माणसाला ही ५३ किलोमीटरांची वाट सुमारे ३,००० किलोमीटरांची होई. खिंडीचा अखेरचा चढ तर इतका उभा, की बर्फात पायऱ्या खोदून माणसे एकामागे एक रांगेने चढत. रांगेतून बाहेर पडले, की पुन्हा शिरण्यासाठी ताटकळावे लागे.

शेजारच्या व्हाइट पास वाटेने ओझ्याची जनावरे नेता येत. पण चिखल, खडक आणि मालकांचा उतावीळपणा यांमुळे तेथे सुमारे ३,००० जनावरे मेली. त्या वाटेला मेलेल्या घोड्यांची वाट असेच नाव पडले. ३ एप्रिल १८९८ रोजी चिलकूटच्या वाटेवर हिमकडा कोसळून ६० हून अधिक माणसे गाडली गेली. डोंगर ओळखणाऱ्या त्लिंगित हमालांनी त्या दिवशी वर जाण्यास नकार दिला होता. ज्यांनी त्यांचे ऐकले नाही, त्यांच्यापैकी अनेक परतले नाहीत.

खिंड ओलांडली तरी डॉसन सुमारे ८०० किलोमीटर दूर राही. सरोवराकाठी झाडे तोडून, फळ्या कापून प्रत्येकाने आपापली नाव बांधायची. मे १८९८ च्या अखेरीस बर्फ फुटला आणि हजारो नावा एकदम प्रवाहात लोटल्या गेल्या. पुढील खळाळांत काही नावा फुटल्या, माणसे बुडाली. तेव्हा पोलिसांनी तेथे जाणकार नावाड्यांवाचून पुढे जाण्यास बंदी केली.

निघालेल्या १ लाखांपैकी डॉसनला पोहोचले ३० ते ४० हजार. तेथे त्यांना कळले, की चांगले खाणपट्टे पूर्वीच गेले आहेत. आधीपासून युकॉनमध्ये असलेल्या लोकांनी ते १८९६ मध्येच नोंदवून घेतले होते. म्हणजे सिअ‍ॅटलमध्ये बातमी छापली गेली त्या दिवशीच बहुतेकांची संधी हुकलेली होती. सोने लाभले ते सुमारे ४,००० जणांना. कित्येकांनी वाहून आणलेले सामान विकून परतीचे तिकीट काढले. १८९९ मध्ये अलास्कातील नोमची बातमी येताच हजारो तिकडे धावले.

या गर्दीचा भार आणखी कोणी सोसला, हेही सांगितले पाहिजे. क्लोंडाइकच्या मुखाशी हान लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत. त्यांना ती जागा सोडून मूसहाइड येथे जावे लागले. सोन्याच्या कथांत त्यांचे प्रमुख आयझॅक यांचे नाव क्वचितच येते.

कष्टाचे फळ मिळतेच, असे आपण मुलांना सांगतो. क्लोंडाइकच्या वाटेवर कष्टांत कोणी कमी पडले नव्हते. पण फळ श्रमावर ठरले नाही, आधी तेथे असण्यावर ठरले. म्हणून श्रमांचा गौरव करताना दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावावी, असे आम्हांस वाटते : ही वाट कोठे जाते, हे निघण्यापूर्वी कोणी तपासले आहे काय? आणि आपल्या चालण्याने कोणाची जागा जाते? चिलकूटच्या वाटेवर आजही त्या काळची गंजलेली अवजारे आणि बुटांचे तळवे पडलेले आढळतात. ते वाहून आणणारी माणसे आळशी नव्हती, हे ध्यानात ठेवूनच हा धडा वाचावा.