निकालापूर्वी चौकशी

मु. वैतरणा

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मनोरहून पालघरकडे येताना वाघोबा खिंडीच्या चढणीवर तुझी हेरल्ड गाडी दोनदा बंद पडली, अर्धा तास उभी राहिल्यावर काहीच न घडल्यासारखी चालू झाली, आणि बोईसरच्या कारागिराने बॉनेट उघडण्यापूर्वीच नवा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला दिला, हे वाचून मला चिंता वाटली. कारण पुराव्यावाचून निकाल देणाऱ्याच्या हवाली तू तुझी गाडी करण्याच्या बेतात आहेस.

ही गाडी सामान्य नव्हे. मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखाटलेली हेरल्ड 1959 साली इंग्लंडात अवतरली, 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बांधली, आणि तिचाच सांगाडा आखूड करून 1962 साली स्पिटफायर ही नामांकित स्पोर्ट्स गाडी सिद्ध झाली. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते, त्यामुळे पुढच्या चाकावर टेकून 948 सी.सी.चे संपूर्ण इंजिन न्याहाळता येते. जिच्या रचनाकाराने तपासासाठी इतकी मोकळी जागा ठेवली, तिच्याबाबत तर्कावर विसंबणे हा मला अन्यायच वाटतो.

तेव्हा चौकशीचा पहिला शिरस्ता असा, की गाडी बंद पडेल त्याच ठिकाणी, ती गरम असतानाच तिची जबानी घ्यावी. गार झाली की पुरावा नाहीसा होतो. गाडी रस्त्याच्या कडेला घेतल्यावर सर्वप्रथम पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल कर आणि कान दे. ‘सूं’ करून हवा आत शिरली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, आणि उभ्या गाडीत हवा हळूहळू झिरपल्यावर ती पुन्हा चालू होते. तुझ्या कैफियतीशी हे तंतोतंत जुळते, आणि दुरुस्तीला एक टाचणी पुरते.

तेथे काही न आढळल्यास ठिणगीकडे वळ. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून, जादा प्लग प्लगच्या एका वायरला जोड, रबरी मुठीच्या पक्कडीने तो इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवून धर आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांग. ठिणगी निळसर, ठसठशीत असेल तर विजेचा भाग तूर्त निर्दोष समज. पिवळट, दुबळी असेल किंवा पडतच नसेल, तर कॉइल आणि कंडेन्सर यांच्यावर संशय घ्यावा, कारण जुन्या कॉइलचे आतले आवरण उष्णतेने दगा देते आणि थंडावल्यावर पूर्ववत होते. डेल्कोचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे, झाकण काढून पॉइंटचे अंतर फिलर गेजने मोज, ते 0.015 इंच असावे. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत त्या झाकणात ओल धरते, म्हणून पावसाळ्यात ते कोरड्या फडक्याने वारंवार पुसत जा.

ठिणगी चांगली असूनही गाडी चालू होत नसेल, तर पेट्रोल पंपाच्या काचेच्या वाटीत पाहा. तेथे बुडबुडे दिसले आणि पेट्रोलच्या नळीवर ओले फडके ठेवून पंपाची दांडी हाताने चालवल्यावर गाडी चालू झाली, तर उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडला असे मान. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा व नळ्या अजून मूळच्याच असतील तर त्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घेण्याची तजवीज लवकर कर.

आता कार्बोरेटरविषयी. जेटमध्ये कचरा अडकून, गाडी थांबल्यावर तो खाली बसून ती चालू होते, असेही क्वचित घडते. परंतु तो कचरा टाकीतून किंवा कुजत्या नळीतून आलेला असतो, आणि मूळ तसेच राहिले तर नवा कार्बोरेटरही तुंबल्याशिवाय राहणार नाही.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि बदलल्यावर त्याच चढणीवर गाडी चालवून पाहावी. चार भाग एकदम बदलून दोष गेला, तर कोणत्या भागाने गेला हे कधीच कळत नाही, आणि तीन चांगले भाग भंगारात जातात. भाग बदलण्याआधी चारही प्लग काढून क्रमाने कागदावर मांड: करड्या-तपकिरी टोकाचा प्लग निरोगी, काजळी धरलेला अति पेट्रोलचा, पांढरा पडलेला अति हवेचा किंवा अति उष्णतेचा, आणि तेलकट असेल तर रिंग वा व्हॉल्व्ह गाइड झिजल्याचा दाखला. प्लग काढलेलेच असताना सिलिंडरांचा दाबही मोजावा, आणि शेजारच्याच दोन सिलिंडरांचा कमी भरला तर हेड गॅस्केट तपासावे.

येत्या रविवारी सकाळी मनोरपर्यंत जाऊन ये. खिंडीत गाडी थांबली तर झाकण, ठिणगी, वाटी या क्रमाने पाहा, जे दिसेल ते तिथेच वहीत टिपून मला कळव, आणि माझे उत्तर पोहोचेपर्यंत कार्बोरेटरसाठी एक पैसाही देऊ नकोस.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा