बाळकडू ते बिटर्स

मराठी घरातील मुलाची कडू चवीशी पहिली ओळख सहाणेवर होत असे. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे मी बालरोगतज्ज्ञ या नात्याने रोजच सांगतो. त्यामुळे बाळकडूचा मी पुरस्कर्ता नव्हे. तथापि 'कडू ते पोटाला हितकर' ही श्रद्धा केवळ आपली नाही. युरोपात तीच श्रद्धा द्राक्षमद्यात मुरली आणि भोजनापूर्वी घ्यावयाची 'अपेरितीफ' मद्ये जन्मास आली.

त्यांतील प्रमुख वर्मुथ. जर्मन भाषेतील 'वेर्मुट' म्हणजे वर्मवुड ही कडू वनस्पती. आधुनिक वर्मुथचे श्रेय १७८६ साली इटलीतील तुरिन येथे ते तयार करणाऱ्या अन्तोनिओ बेनेदेत्तो कार्पानो यास दिले जाते. वाइनमध्ये वनस्पतींचा अर्क, साखर व थोडा मद्यार्क मिसळून ते सिद्ध होते. वर्मवुड आर्टेमिसिया प्रजातीतील. चैत्रात आपण देवाला वाहतो तो दवणाही त्याच प्रजातीतला! बिटर्समधील जेन्शनची मुळी आणि आपले काडेकिराईत हीदेखील एकाच कुलातील भावंडे. दोहोंत अमॅरोजेन्टिन हे द्रव्य असते. ते पाच कोटी ऐंशी लक्ष पट विरल केले तरी जिभेला कडू लागते. (बाजारात 'किराईत' म्हणून पुष्कळदा मिळतो तो काळमेघ. त्याचे कूळ निराळे.)

आपल्या व्यवसायबंधूंचाही यात वाटा आहे. योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी सिमोन बोलिव्हारच्या सैन्याचा शल्यचिकित्सक होता. सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींसाठी त्याने १८२४ मध्ये जो कडू अर्क बनवला, तोच आजचा अंगोस्तुरा बिटर्स. औषधाचे कपाट सोडून तो मद्यालयात केव्हा जाऊन बसला, ते सैनिकांनाही कळले नसेल!

जिभेवर कडू चवीचे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक असतात. आतड्याच्या अस्तरातही ते आढळतात. निसर्गाने ते ठेवले विषाची सूचना देण्यासाठी. कडू घोटाने लाळ सुटते हे खरे, परंतु या मद्यांनी पचन सुधारते याला भक्कम पुरावा नाही. ज्यांना मद्य वर्ज्य नाही त्यांनी ते चवीसाठीच घ्यावे: लहान पेला, बर्फ, संत्र्याची फोड, सोबत काही खारे, आणि घाई नको. उघडलेले वर्मुथ शीतकपाटात ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावे. अखेर ती वाइनच.

मुलांच्या बाबतीत मात्र माझा सूर बदलतो. जुन्या ग्राइप वॉटरमध्येही मद्यार्क असे, आणि सर्दीत बाळाला 'थेंबभर' ब्रँडी चाटवणारी सुशिक्षित घरे मी पाहिली आहेत. अंगोस्तुरा बिटर्समध्ये मद्यार्क ४४.७ टक्के असतो. कॉकटेलमध्ये त्याचे दोन-चार थेंबच पडतात. पण 'पोटाचे औषध' म्हणून सहा किलोच्या बाळाला एक चमचा दिला, तर पावणेदोन ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. हिशेबाने रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम होईल. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा ३० ची आहे. शिवाय मद्यार्क यकृतातील ग्लुकोजनिर्मिती रोखतो, आणि उपाशी बाळाची रक्तशर्करा झपाट्याने उतरते. तेव्हा गुंगीत आलेल्या बालकाच्या आजीला, घरातून काही चाटवले का, हे आदराने पण स्पष्ट विचारावे, आणि उत्तराची वाट न पाहता ग्लुकोज तपासावे.