बिकम? म्हणजे केवढ्याला?

ताईंनो, आपल्यातल्या काही जणी घरकामासाठी कुवेत, ओमानला जायचं म्हणतायत. काहींची माणसं आधीच तिकडे आहेत. अरबी ऐकूनच घाबरू नका. गटाचं रजिस्टर उघडून बघा. हिशेब, बाकी, कर्ज, नफा हे सगळे शब्द मूळचे अरबीच. दुकानसुद्धा! तिकडे हॉटेलात बिल मागताना ‘अल-हिसाब’ म्हणतात आणि उरलेले पैसे परत मागताना ‘अल-बाकी’.

भाव विचारायचा तर ‘बिकम?’ महाग म्हणजे ‘गाली’ (हसू नका, शिवी नाही ती), स्वस्त म्हणजे ‘रखीस’. पैशांना ‘फुलूस’.

शब्द येतील हो, फसगत होते ती आकड्यांत. अरबी पाच दिसतो आपल्या शून्यासारखा, गोल. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे उभी रेघ आणि पुढे गोल दिसला तर ते १० नाही, १५ आहेत. किमतीच्या चिठ्ठीवरच नाही, कामाच्या करारावर पगाराचा आकडासुद्धा असाच लिहिलेला असू शकतो. तो नीट वाचल्याशिवाय सही करू नका. मजकूर उजवीकडून असला तरी आकडा आपल्यासारखा डावीकडूनच वाचायचा.

आणखी एक. सौदी रियालचे १०० हलाला होतात, पण कुवेती दिनारचे १,००० फिल्स आणि ओमानी रियालच्या १,००० बैसा. म्हणजे कुवेतमध्ये ५०० फिल्स हा अर्धाच दिनार, पाच दिनार नव्हे.

तिकडची नोट किंवा नाणं कुणाच्या घरी असेल तर पुढच्या बैठकीला आणा. त्यावरचेच आकडे वाचू.