चाकांवरचा ठेवा

नाशिक जिल्ह्यात उगम पावलेल्या गोदावरीस पुढे प्रवरा नदी मिळते. या प्रवरेच्या काठी दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली झुडपाचे मूळ खणीत असता एका भिल्ल शेतकऱ्यास धातूच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. रथावर सारथी उभा असून दांडीवर एक कुत्राही आहे! गेंडा व रेडा यांच्या पायांखाली चाके आहेत.

रथ अवघा ४५ सेंटिमीटर लांब आहे. पण चारही वस्तूंचे वजन मिळून ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. मग ही मुलांची खेळणी असतील, की मिरवणुकीत ओढावयाच्या मूर्ती? या वस्तू शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाविषयीही विद्वानांत मतभेद आहेत.

चिमुकल्या गाड्या जमविणाऱ्या मुलांनी यावरून बोध घ्यावा. गाडी निवडताना तिची चाके, आस व प्रमाणबद्धता पाहावी. ती कोठे, केव्हा व कोणाकडून मिळाली, हे त्याच दिवशी वहीत टिपावे. गाड्यांची नुसती संख्या वाढली म्हणजे संग्रह होत नाही. प्रत्येक गाडीची ओळख जपली, तरच तो होतो.