गल्लीचे गटार

कराची शहराच्या वायव्येस ओरंगी नावाची विस्तीर्ण वस्ती आहे. पोटासाठी शहरात आलेल्या गोरगरिबांनी ती आपल्या हातांनी वसविली. घरे उभी राहिली. परंतु गटारे झाली नाहीत. मैला आणि सांडपाणी गल्लीतच साचे. त्याच पाण्यातून मुले ये-जा करीत आणि वारंवार आजारी पडत.

१९८० साली अख्तर हमीद खान नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ या वस्तीत काम करू लागले. तरुणपणी ते मोठे सनदी अधिकारी होते. पण १९४५ साली त्यांनी ती मानाची नोकरी सोडली होती. ओरंगीत आल्यावर ते प्रथम गल्लोगल्ली हिंडले आणि लोकांचे म्हणणे ऐकत राहिले. गटारे सरकारने फुकट बांधून द्यावीत, असेच बहुतेकांचे मत होते. आणि वाट पाहण्यात वर्षे लोटत होती.

अख्तर हमीदांना यात चार अडसर दिसले. दारापुढील गल्ली आपलीच आहे, असे लोकांस वाटत नव्हते. ठेकेदारांचे दर परवडत नव्हते. कामाची माहिती नव्हती, आणि एकत्र येण्याची सवयही नव्हती. हे अडसर दूर करण्यासाठी त्यांनी एक संस्था काढली. वीस-तीस घरांची गल्ली हा एक गट ठरला. गटाने आपल्यातीलच एक विश्वासू माणूस निवडावा, वर्गणी जमवावी आणि काम स्वतः करून घ्यावे, असा नियम झाला. संस्थेने लोकांच्या पैशास हात लावला नाही. तिने जमिनीचा उतार मोजून दिला, नकाशा व खर्चाचा अंदाज दिला आणि अवजारे पुरविली. ठेकेदाराचा नफा वाचल्याने खर्च पुष्कळच उतरला. एक गल्ली कोरडी झालेली पाहून दुसरी पुढे आली. अशा रीतीने हजारो गल्ल्यांत भुयारी गटारे झाली.

तथापि गल्लीचे पाणी शेवटी नाल्यासच मिळे. मोठी गटारे बांधणे आणि मैलापाणी शुद्ध करणे हे एका गल्लीच्या आवाक्यातील काम नव्हते. ते सरकारचे कर्तव्य आहे, असे संस्थेने स्पष्टपणे सांगितले आणि नाल्यांचे नकाशेही अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

अख्तर हमीद १९९९ साली निवर्तले. दारापुढील काम रहिवाशांनी करावे आणि त्यापुढचे शासनाने करावे, ही त्यांची शिकवण होती. दोघांपैकी एकानेही हात आखडला, तर पाणी पुन्हा गरिबाच्याच दारात तुंबते.