आधी स्टँड लाव

चि. ओंकार यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

नव्या गाडीचे फोटो ताईने पाठवले. गाडीला झेंडूचा हार आणि हेल्मेट आरशाला लटकलेलं. त्यावर आत्ता बोलत नाही. आधी माझीच फजिती ऐक.

गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडवा झालो होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: चलान थकलंय, आज भरा, नाहीतर लायसन्स रद्द. खाली एक फाइल. एकतीस वर्षं एसटी चालवली रे, लायसन्सचं नाव काढल्यावर मी चष्माही शोधला नाही, दाबली. ती निघाली एपीके, म्हणजे अख्खं अ‍ॅपच. त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मी दिली, आणि बँकेचे ओटीपी परस्पर भामट्यांकडे पोचले. अठरा हजार गेले. मामीने लगेच १९३० ला तक्रार केली, खातं गोठवून घेतलं, म्हणून उरलेले वाचले. वर तिची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तुलाही असा मेसेज येईल. चलान कधी एपीके होऊन येत नाही. आपण होऊन महाट्रॅफिक अ‍ॅप उघड, किंवा परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघ. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, तेवढं वाच. आणि नंबरप्लेटसकट फोटो स्टेटसला ठेवलायस, तो आजच काढ. तुझाच नंबर घालून कुणी चलान पाठवलं, तर खोटं ओळखायला जड जातं.

आता मॅपचं. पत्ता गाडी सुरू करायच्या आधी टाकायचा. वळण चुकलं तर चुकू दे, तो पुढचं सांगतो. नजर मात्र रस्त्यावरच हवी. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाटातला जुना बोगदा संपला की उतार आणि लगेच एस वळण. तिथे भरली गाडी मी खालच्या गियरमध्ये उतरवायचो, मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. खाऊ देत. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद मोबाइलकडे बघितलंस, की एकामागे एक उभ्या तीन एसट्यांएवढा रस्ता न बघता गेलास.

चालत्या गाडीवर माझा फोन आला तरी घ्यायचा नाही. मामा रागावत नाही.

रविवारी येतोयस ना? पोचलास की ताईला मेसेज कर. आधी स्टँड लाव, मग.

तुझा,
मामा