डबी फेकू नका

चाळिशीत माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. सोसायटीतल्या मैत्रिणीने केशराचं क्रीम सुचवलं. इथे पुण्यातच एक बाई घरी तयार करतात, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. पांढऱ्या डबीवर कमळाचं चित्र आणि त्याखाली ‘केशर, चंदन, मंजिष्ठा, कोरफड व इतर वनौषधी’ एवढीच ओळ. थोड्याच दिवसांत डाग फिके झाले. चेहरा इतका नितळ दिसायला लागला की माझ्या दोन्ही भावजयांनी माझ्यामार्फत ते मागवलं.

डबी संपली, नवी यायला उशीर झाला आणि खरा प्रकार तेव्हा सुरू झाला. गाल लालबुंद झाले. साध्या पाण्याचा हात फिरवला तरी आग व्हायची. हनुवटीवर बारीक पुळ्या उठल्या, कानशिलाजवळची लव दाट झाली. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंग धरून गाल पाहिले आणि आरसा माझ्या हातात दिला. कातडी पातळ होऊन आतल्या रक्तवाहिन्यांचं लाल जाळं दिसत होतं. “हे केशराने होत नाही. यात स्टेरॉइड असावं. डबी आहे का?” डबी कचऱ्याच्या गाडीत गेली होती. बनवणाऱ्या बाईंना फोन केला, तर उत्तर आलं, “ताई, ती आमची रेसिपी आहे, कशी सांगणार?” त्या क्रीममध्ये नेमकं काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार केले. चेहरा ताळ्यावर यायला बरेच महिने गेले.

स्टेरॉइडचं असंच असतं. लावलं की लाली, सूज, डाग सगळं दबतं आणि बंद केलं की दुपटीने उसळतं. म्हणून लावणारी बाई पुन्हा त्याच डबीकडे वळते. अशी मलमं मनाने वापरण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं की 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. दुकानातल्या ट्यूबवर निदान नाव तरी छापलेलं असतं. कमळाच्या चित्राखाली तेच औषध दडलं असेल तर ओळखणार कोण?

याहून वाईटही घडू शकतं. 2023च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातली बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींनी गोरं करणारं एकच क्रीम वापरलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारणाचा शोध सुरू झाला, क्रीम प्रयोगशाळेत तपासलं गेलं आणि त्यात पारा निघाला. पारा त्वचेत रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. आपल्याकडच्या नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांचा अपवाद सोडला, तर नकळत मिसळलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. त्या तिघींच्या दुखण्याचं मूळ सापडलं, कारण तपासायला क्रीम हाताशी होतं.

कोपराच्या आत लावून बघा, असा सल्ला सगळे देतात. तो योग्यच आहे. एकच दिवस नको, आठवडाभर रोज लावा, कारण ॲलर्जी उठायला दोन-तीन दिवस लागू शकतात. पण या चाचणीत ना स्टेरॉइड सापडतं, ना पारा. माझ्या कोपराला काहीही झालं नव्हतं. त्वचा सुंदर दिसणं हीच या दोन्हींची पहिली खूण असते. वांगाचे जुने डाग झटपट जायला लागले तर आनंद बाजूला ठेवून आधी संशय घ्या.

झाडापासून आलं म्हणजे सौम्य, हे आपल्या आज्यांनी कधी मानलं नाही. बिब्बा उततो हे त्यांना ठाऊक होतं. बावची लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. लिंबू चोळून उन्हात बसलं तरी काळे चट्टे उठतात. कोरफडीच्या गरात पाणी असतं. टिकवणारा पदार्थ न घालता तो महिनोन्‌महिने डबीत ठेवला तर त्यात जंतू वाढणारच. म्हणून ‘केमिकलविरहित’ या शब्दाचा मला आता राग येतो. काय नाही ते ठळक अक्षरांत आणि काय आहे ते गुलदस्त्यात!

दिवाळीच्या आधी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी उटण्याचं सामान घेते. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, प्रत्येक जिन्नस दुकानदार माझ्यासमोर वेगळा तोलतो, वेगळ्या पुडीत बांधतो आणि चिठ्ठीवर नाव व वजन लिहितो. एखादी पुडी सोसली नाही तर कोणती ते सांगता येतं. चेहऱ्याला लावायच्या कोणत्याही वस्तूबद्दल एवढी माहिती मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

कायदाही तेच सांगतो. सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर परवाना लागतो, मग ते कारखान्यात बनो की घरच्या ओट्यावर. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटक हवेत. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, म्हणून केशराच्या क्रीममध्ये केशर यादीच्या शेपटाला असेल तर काय समजायचं ते समजा. ‘व इतर वनौषधी’ ही यादी नव्हे. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर औषधाचा परवाना विचारा आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण पाहा. पुण्यात प्रामाणिकपणे साबण, तेलं, उटणी करणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. विचारलं की त्या वही उघडून दाखवतात. त्यांच्याकडून जरूर घ्या. रेसिपी गुप्त आहे म्हणणाऱ्यांकडून एक रुपयाचंही घेऊ नका.

आणि घेतलंच तर बिल जपा, लेबलचा फोटो काढा, डबी संपली तरी काही महिने तळाशी थोडं क्रीम राहू द्या. चेहरा बिघडला तर ते घेऊनच डॉक्टरांकडे जा. पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस यायला लागला तर एक दिवसही थांबू नका, क्रीम लावत होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तक्रारीसाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक आहे 1800 222 365. त्यावर फोन कराच. तुमच्यामार्फत आणखी कुणी ती डबी मागवली असेल, तर पहिला फोन मात्र त्यांना करा.